चौथ्या पायात वाळू नको

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. मोबाईलवर लिहिलेलं तू वाचत नाहीस (त्या पडद्यावर तुझं एक बोट एका वेळी चार अक्षरं दाबतं, हे मला मान्य आहे), आणि फोनवर बोलावं तर "हो हो, छान छान" म्हणून ठेवून देतोस. म्हणून पाकीट, तिकीट आणि डिंक.

कामाचं आधी लिहिते. मला एक स्टँड करून हवाय.

आईचा रेकॉर्ड प्लेअर तुला आठवत असेलच, तूच तर खांद्यावरून आणला होतास. तो प्लेअर, त्याचा जात्यासारखा जड अ‍ॅम्प्लिफायर, तिजोरीएवढे खोल दोन स्पीकर आणि शंभरावर तबकड्या, एवढा संसार सध्या माझ्या कपडे बेतायच्या टेबलाच्या एका टोकाला मांडलाय. दुसऱ्या टोकाला माझी कात्री आणि गिऱ्हाइकांची कापडं. शेजारी दोन शिलाई मशीनं. मी मशीन चालवलं की जमीन थरथरते, जमीन थरथरली की टेबल थरथरतं आणि आईची सुई तबकडीवरून टुणकन उडी मारते. आई म्हणते, "या घरात एक सुई चालली की दुसरी उडते."

आता चार महिने झाले, तिनं तबकडी लावलेलीच नाही. माझ्या पोटापाण्याच्या आड येत नाही म्हणते. कुरकुर करत असती तर मी खुशाल कानाडोळा केला असता, पण ती गप्प बसून माझ्या शिवलेल्या कपड्यांचे धागे कापत बसते, आणि ते मला सोसत नाही.

सोबत एका मासिकातलं चित्र पाठवतेय. याला कारखान्याच्या धर्तीचं फर्निचर म्हणतात. काळे पाइप, जाड फळ्या, बोल्ट सगळे उघडे. असा भक्कम स्टँड असला तर माझं मशीन चालू असतानाही सुई जागची हलायची नाही. चित्र बघून आई म्हणाली, "माझ्या भावानं जन्मभर हेच केलं, त्याचा फोटो कुणी छापला नाही." म्हणाली आणि लगेच धागे कापायला लागली.

मामा, खरं सांग, तू तिच्यावर रागावलायस का? मागच्या वर्षी ती जिन्यावरून पडली. पाय प्लास्टरमध्ये. तिनं पहिला फोन तुला केला. "मी पडले रे" म्हणाली, तर तू म्हणालास, "वा, छान! सगळे मिळून या!" त्या दिवसापासून तिनं फोन केलेला नाही. विचारलं तर म्हणते, "त्याला कामं असतात."

मामीला नमस्कार.

तुझी,
टाचणी


१२ फेब्रुवारी

टाचणे,

आशीर्वाद. एकच देतोय, पण जाड पत्र्याचा आहे.

चित्र पाहिलं. चष्मा लावून पाहिलं, मग चष्मा पुसून पाहिलं. मला आधी वाटलं, कुणीतरी काम अर्धवट टाकून पळून गेलेला दिसतोय. पाइपाला रंग नाही, फळीला रंधा नाही, बोल्टांची डोकी बाहेर. चाळीस वर्षं मी फाटकं, जाळ्या आणि पाण्याच्या टाक्यांचे स्टँड करतोय. चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाईक एकच सांगत आलं, जोड दिसायला नको हं. मी घासून घासून जोड लपवले. आणि आता लोक ते दिसावेत म्हणून मागे लागलेत! शिवाय खालच्या कोपऱ्यात नीट बघ, त्यानं गंज रंगवलाय. मी जन्मभर गंज खरवडला आणि इथे कुणीतरी ब्रशानं लावतोय. कलियुग म्हणतात ते हेच.

करून देतो. पण माझ्या पद्धतीनं. माझा एकही स्टँड आजवर खाली आलेला नाही. टाक्या फुटल्या, घरं विकली गेली, स्टँड उभे आहेत.

मापं पाठव. लांबी, उंची, आतबाहेरची खोली, फळ्यांमधलं अंतर. आणि तुमच्या दाराचं माप. लोक वस्तूचं माप देतात आणि दाराचं विसरतात, मग वस्तूचं आयुष्य अंगणात जातं.

ताईवर मी कशाला रागावू? फोन बिघडलाय. आवाज बारीक येतो. दुरुस्तीला द्यायचाय. ती पडली तेव्हा मी छान म्हणालो, ते वेगळ्या कशालातरी म्हणालो असेन. पाय कसा आहे?

मामा

टाचणी बाळ, पाकीट मी चिकटवते, म्हणून या ओळी मामीच्या. फोन नवाकोरा आहे. बिघडलेत ते यांचे कान. हातोडा ऐकून ऐकून डावा पूर्ण गेला, उजव्यातून दार आपटलं तर कळतं. दोन वर्षं झाली. तुझ्या आईला कळू द्यायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय, की हे तोंडातून काढायचं नाही. लिहायचं नाही असं काही म्हणाले नव्हते. ताईंना तू सांगू नकोस, मी सांगतो तिला असं हे म्हणतात. दोन वर्षं म्हणताहेत.


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. आईचा पाय आता बरा आहे. जिना चढताना मोजून शिव्या देते, तेवढंच.

मापं घेतली. मी रोज माणसं मापते, त्यामुळे प्लेअरला "श्वास सोडा, पोट आत नको" म्हणायची वेळ आली होती. लांबी त्रेपन्न इंच, उंची चाळीस, आतबाहेरची खोली तीस, कारण ते स्पीकर भारी खोल आहेत आणि मागून वायरी निघतात. मधल्या फळीपर्यंत एकोणीस. आमचं दार साडेबत्तीस इंच. माझं माप कधी चुकत नाही. गावभरातल्या जाड्या माणसांचे कोट माझ्याकडे येतात आणि एकाचंही बटण अजून उडालेलं नाही, हे तू लक्षात ठेव.

एक विनंती आहे. स्टँड घेऊन तू स्वतः ये ना. आठ दिवस राहा. आईला मी काही विचारलेलं नाही आणि सांगितलेलंही नाही, पण परवा तिनं तबकड्यांची पेटी उघडली, एकेक पुसली आणि परत ठेवून दिली. मी विचारलं, "काय शोधतेस?" तर म्हणाली, "झुरळं."

फोनचं काय झालं? काही यंत्रं दुरुस्त होत नाहीत, मामा. पण घरच्यांना सांगितलं तर निदान कुणी गैरसमज करून घेत नाही.

तुझी,
टाचणी


१८ मार्च

टाचणे,

आशीर्वाद. स्टँड झाला.

दोन इंची पाइपाचे चार पाय. फळ्या एका म्हाताऱ्या ट्रकच्या तळाच्या आहेत, तीस वर्षं त्यांनी विटा वाहिल्या, तुझा अ‍ॅम्प्लिफायर त्यांना सुट्टीसारखा वाटेल. पायांच्या तळाला गोल चकत्या लावल्यात, त्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंच बाहेर येतात. तुमच्या दारातून तरीही दोन इंच मोकळा जाईल, मी हिशेब केलाय. पायांची वरची तोंडं आट्यांच्या टोपणांनी बंद केलीत. गंज रंगवलेला नाही. हवाच असेल तर वाट बघ, तो आपल्या पायानं येतो.

चित्रात बोल्ट दिसतात म्हणून मीही अठ्ठावीस बोल्ट लावलेत. पण बोल्टावर माझा विश्वास नाही. बोल्ट आज आहे, उद्या ढिला. म्हणून आतून सगळे जोड वेल्ड केलेत. बोल्ट नुसते शोभेला. काल स्टँडवर मी, तुझी मामी आणि शेजारचा लोहार असे तिघं बसून चहा प्यायलो, हूं की चूं झालं नाही.

टेंपोनं पाठवतोय. मला यायला जमणार नाही. गुडघे धरलेत. शिवाय दुकान कुणावर टाकू?

ती जाड आवाजाच्या बाईची तबकडी अजून आहे का गं? तिच्या तिसऱ्या ओळीला सुई अडखळायची, टक् व्हायचं. तो ओरखडा माझा. ताई ऐकत बसली होती आणि मी प्लेअरमागच्या भिंतीत पलीकडून खिळा ठोकला होता. तेव्हापासून ती मला ठोक्या म्हणते. संध्याकाळी कामावरून आलो की मी दाराशी बसायचो आणि ती तीच तबकडी लावायची. माझ्यासाठी लावतेय असं कधी म्हणायची नाही. टक् झालं की दोघं हसायचो. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

मामा

मामीच्या ओळी: गुडघे उत्तम आहेत. काल हे पत्र्यावर चढून गळती बंद करून आले.


२ एप्रिल

प्रिय मामा,

नमस्कार. स्टँड आला. आला म्हणजे जिन्यापर्यंत आला.

टेंपोवाल्याला आणि त्याच्या दोन साथीदारांना मिळून तो उचलेना, म्हणून खालच्या बेकरीतले तिघे आले. दोन मजले सहा माणसांनी जी काही वाक्यं उच्चारली ती आईनं दाराआडून ऐकली आणि दोन तर लिहून ठेवली. तीन वेळा जिन्यात टेकले. आणि अखेर आमच्या दारापाशी येऊन थांबले ते थांबलेच. स्टँड आत जाईना. सरळ जाईना, आडवा जाईना, उभा केला तर वरून जाईना.

मी मापपट्टी आणली. स्टँड साडेतीस इंच. दार साडेएकोणतीस.

मामा, आता जे लिहितेय ते बसून वाच. माझा हात, तुला माहीत आहे, वीस वर्षं कापडावर चाललाय. कुठलंही माप कागदावर उतरवताना दोन्ही बाजूंना दीड दीड इंच शिवणीचं धरायचं ही सवय इतकी मुरलीय की कळतसुद्धा नाही. स्पीकरची खोली खरी सत्तावीस होती. मी तीस लिहिली. आणि दार एकोणतीस पूर्णांक एक द्वितीयांश होतं, त्यालाही मी शिवण धरली.

मग म्हटलं, ठीक आहे, बोल्ट उघडून सुटा करू. बेकरीवाल्यानं पाना आणला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस बोल्ट काढले. डबाभर बोल्ट निघाले आणि स्टँड होता तसा उभा. त्या वेळी आठवलं की तुझा बोल्टावर विश्वास नाही.

तर आता तो जिन्याच्या वळणावर आहे. आठ दिवसांत सगळ्यांचा झालाय. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई त्यावर पिशव्या टेकून दम खातात. शेजारचे टायपिस्टकाका पेपर वाचायला तिथेच बसतात, कारण घरात बायको वाचू देत नाही. काल कुणीतरी मधल्या फळीवर कुंडी आणून ठेवली. आज तिला पाणी घालणारंही कुणीतरी आहे.

आई रोज दुपारी दार उघडून बघते. आज मी बघितलं, ती एका जोडावरून बोट फिरवत होती. मला म्हणाली, "हा त्याचाच हात. शेवटी जरासा उजवीकडे ओढतो." मग कुंडी सरकवली आणि फळी पुसली.

कापायला ये, मामा. तुझ्याशिवाय होणार नाही.

तुझी (लाज वाटतेय तरी),
टाचणी


९ एप्रिल

टाचणे,

शिवण? लोखंडाला शिवण? आणि दाराला?? उद्या दाराला अस्तर लाव आणि काजं कर! चाळीस वर्षांत माझं काम दाराबाहेर राहिलं नव्हतं. तुझं पत्र मी शेजारच्या लोहाराला वाचून दाखवलं. तो हसता हसता ऐरणीवर बसला आणि ऐरण गरम होती.

तिकडचा कुणीतरी वेल्डर बोलाव. दोन आडवे पाइप आणि फळ्या तीन इंच कापायच्या आणि पुन्हा जोडायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

नको. बोलावू नकोस. माझ्या जोडावर दुसऱ्याचा हात मला चालणार नाही.

तू म्हणशील, मग ये. तर ऐक. चार दिवस हे पत्र लिहितोय आणि फाडतोय. फोन बिघडलेला नाही. मला ऐकू येत नाही. ताई पडली तेव्हा फोनवर नुसती घरघर येत होती, आणि मी सगळ्यांना म्हणतो तेच म्हणालो. छान म्हटलं की शंभरात नव्वद वेळा खपून जातं. तिच्या वेळी खपलं नाही. ती पाय मोडून पडलीय आणि मी तिला सहलीचं निमंत्रण देतोय, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. त्या दिवशी जेवलो नाही.

तरी सांगायला जीभ रेटत नाही. का, ते तुला खोटं वाटेल. मी सोळाव्या वर्षी हातोडा धरला तेव्हापासून ताई माझ्या मागे लागली होती, कानात कापूस घाल, कानात कापूस घाल. रोज दाराशी कापूस घेऊन उभी राहायची. मी तो वळणावर फेकून द्यायचो. म्हणायचो, कापूस मेल्यावर घालतात. आता जाऊन तिला काय सांगू? तू बरोबर होतीस? तिला मी उभ्या जन्मात हे सांगितलेलं नाही.

आणि दुसरं. मी आलो की ती तबकडी लावणार. ती जाड आवाजाची बाई. माझ्या तोंडाकडे बघत बसणार. आणि मी तिथे बसून छान छान म्हणू? इतर कुणापुढे म्हणेन, त्या तबकडीपुढे नाही म्हणवणार.

ताईला यातलं अक्षर कळता कामा नये.

मामा

मामीच्या ओळी: आज मला लिहायला यांनी काही ठेवलंच नाही. पिशवी भरून दाराशी ठेवलीय. ग्राइंडर खाली आहे, कपडे वर.


१४ एप्रिल

ठोक्या,

टाचणी तुझी पत्रं बेतायच्या टेबलावर उघडी टाकते, असं मी म्हणणार होते. पण खरं सांगते, हे शेवटचं पाकीट मी वाफेवर धरून उघडलं. पहिल्या पत्रातल्या वहिनीच्या ओळी मी फेब्रुवारीतच वाचल्या. तेव्हापासून वाट बघतेय, तू कधी सांगतोस. दोन महिने! या पोरीला वाटतंय की मला काही माहीत नाही, आणि ती माझ्यासमोर इतकी सांभाळून वागते की मला तिची दया येते.

आता नीट वाच, कारण तुला ओरडून सांगायची सोय राहिली नाही.

मी जिन्यावरून पडले होते, गाढवा. उजवा पाय, घोट्याजवळ. सहा आठवडे प्लास्टर. वर्षभर मला वाटत होतं की भावाला माझं काही वाटेनासं झालं. रोज वाटायचं. ते तू एका ओळीत पुसू शकला असतास, आणि तू काय केलंस, तर कापसाची लाज धरून बसलास.

तुला वाटतं, मी म्हणेन की मी सांगितलं होतं. तर हो, म्हणणारच. दारात पाऊल टाकशील तेव्हा पहिलं तेच म्हणेन. ते तुला ऐकू येणार नाही, म्हणजे दोघांचंही भागलं.

सोबत कापूस पाठवतेय. उशीर झालाय, माहीत आहे. या वेळी वळणावर फेकू नकोस, वळणावर स्टँड आहे.

ये. तबकडीचं नंतर बघू.

ताई


२७ एप्रिल

प्रिय मामी,

नमस्कार. मामा सोमवारच्या गाडीनं निघतोय. त्याच्या आधी तुला सगळं कळावं म्हणून घाईनं लिहितेय, कारण तो तुला काहीही धड सांगणार नाही.

तो आला तेव्हा आई दारात होती. ती जे म्हणणार होती ते म्हणाली, दोनदा म्हणाली. मामा म्हणाला, "छान छान." मग दोघंही रडली आणि टायपिस्टकाका पेपर घडी करून आपल्या घरात गेले.

बोलायचं कसं, हा प्रश्न आईनं पहिल्याच संध्याकाळी सोडवला. तिनं माझा कपड्यावर आखायचा खडू घेतला आणि टेबलावर लिहायला लागली. टेबल भरलं की जे हाताला लागेल त्यावर. उद्या एक वकील कोट न्यायला येणार आहेत, त्यांच्या अस्तरावर "अजून एक पोळी घे, गाढवा" असं निघालंय. ब्रशानं जातं का बघते.

काम त्यानं जिन्यातच केलं. ठिणग्या बघायला तिन्ही मजले जमले. मास्तरीणबाईंनी मुलांसारखं सगळ्यांना रांगेत उभं केलं. कापून, जोडून, घासून संध्याकाळी स्टँड दारातून आत गेला तेव्हा टाळ्या पडल्या. मामाला त्या दिसल्या. कुंडी परत वळणावर नेऊन ठेवावी लागली, लोकांनी हट्टच धरला.

मग सगळं मांडलं. मी मुद्दाम दोन्ही मशीनं चालू केली, एक माझ्या पायाखाली आणि दुसरं बेकरीवाल्याच्या बायकोच्या. सुई तसूभर हलली नाही, मामी! पण एक नवंच निघालं. पाइप पोकळ, म्हणून ते गाण्याबरोबर स्वतःही घुमायला लागले. बाई एक सूर लावतात आणि स्टँड खालून दुसरा. आई म्हणाली, "याच्याशी लग्न केलं असतं तरी एवढं मध्ये बोलला नसता." मी कुठेतरी वाचलं होतं की अशा पायांत कोरडी वाळू भरली की घुमणं थांबतं. खाली बांधकाम चालू आहे, तिथून बादलीभर आणली आणि चाळली. मामानं टोपणं उघडली. एक पाय भरला, दुसरा भरला, तिसरा भरला. प्रत्येक पायागणिक आवाज स्वच्छ होत गेला. तबकडी तीच होती, त्या जाड आवाजाच्या बाईची. आईनं ती मुद्दाम लावली नव्हती असं ती म्हणते. मामा तिच्याकडे बघतच नव्हता. मान खाली घालून वाळू ओतत होता.

चौथ्या पायाशी आला तेव्हा तोल सावरायला म्हणून त्यानं पाइपावर हात ठेवला, आणि तसाच थांबला. मला वाटलं, चटका बसला. मी म्हटलं, "मामा, भर ना." त्याला अर्थात ऐकू आलं नाही. मग त्यानं दुसरा हातही ठेवला. मग कपाळ टेकलं. असा तो किती वेळ होता कोण जाणे, आणि एकदम ओरडला, "टक्!"

तिसरी ओळ होती. त्याच क्षणी सुई ओरखड्यावरून गेली होती. मी आईकडे बघितलं तर ती तोंडावर पदर धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी. मामा परत ओरडला, "ताई, टक्! अजून आहे!" मशीनचं बेअरिंग खराब झालंय का ते आम्ही असंच लोखंडाला हात लावून बघतो, असं तो नंतर मला समजावत होता, जणू काही विशेष झालंच नाही. त्या बाईची श्वास घ्यायची जागासुद्धा कळते म्हणे. हात थांबतो तिथे.

मी वाळूची बादली उचलली तर आईनं ती माझ्या हातातून काढून घेतली. खडू घेतला आणि चौथ्या पायावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "याच्यात वाळू नको." आता ते एका पायाचं घुमणं आम्हाला रोज ऐकावं लागणार. मी तक्रार केली तर आई म्हणाली, "राहू दे. तो त्याचा आवाज आहे."

आठ दिवस तो रोज संध्याकाळी स्टँडला टेकून बसतोय आणि ती तबकड्या लावतेय. त्याच्यासाठी लावतेय असं अजूनही म्हणत नाही.

तुझी,
टाचणी

ता. क. तुझ्या ओळी नसत्या तर हे काहीच झालं नसतं. पुढची शपथसुद्धा अशीच नीट ऐकून घे.


६ मे

ताई,

सुखरूप पोचलो. तुला मी आजवर पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे सुरुवात कशी करतात ते माहीत नाही. शेवटाचंही बघू.

टाचणीला सांग, स्टँडच्या डाव्या बाजूला मागे एक जोड मी जिन्यात घाईनं केलाय, पुढच्या वेळी येऊन घासून देईन. भोंगळ काम वाटतं मला ते. ती म्हणेल, हल्ली तसंच दिसायला हवं असतं. तिला म्हणावं, शिवणी बघ.

चौथ्या पायाचं टोपण मी हातानं घट्ट केलंय. कुणी उघडून वाळू घातली तर मला लांबूनही कळेल. आणि तिथला खडू पुसला जाईल, म्हणून निघायच्या आधी पहाटे मी तीच अक्षरं खिळ्यानं कोरून ठेवली. तू झोपली होतीस. तुझ्या अक्षरावरूनच कोरलीत, "नको"चा काना वाकडा आहे तो तुझा.

दर रविवारी तू फोन कर. ही उचलेल. तू बोल, ती मला लिहून देईल, मी ओरडून उत्तर देईन. छान छान म्हणणार नाही. पाय जपून टाक. जिन्याचा कठडा ढिला आहे, तो मी बघितलाय, जूनमध्ये पाइप घेऊन येतो. मापं मीच घेईन.

कापूस पोचला होता. रोज सकाळी दोन्ही कानांत घालून दुकानात जातो. शेजारचा लोहार विचारतो, आता कशाला? उपयोग काही नाही, हे मलाही कळतं. त्याला सांगितलं, बहिणीनं दिलाय.

ठोक्या